शिकल्याची हकिकत चारचौघांत सांगावी
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात, विद्यार्थी-गुणगौरवाच्या प्रसंगी केलेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावर एखाद्या वयोवृद्ध गृहस्थास उभे करून त्याच्याकडून चार उपदेशाचे शब्द ऐकावयाचे, अशी आपल्या संस्थेची जुनी चाल आहे. यंदा ती पाळी मजवर आली. 36 वर्षे मी शाळेत गणित शिकविले, तेव्हा उपदेश करण्याची सवय मला नाही असे कोण म्हणेल? परंतु आज मी उपदेशासाठी उभा नाही. मला एक गोष्ट सुचवावयाची आहे, आणि ती सुचविण्यापूर्वी एक कबुली द्यावयाची आहे. कबुलीचे पुढे येईलच. प्रथम सूचनेकडे वळतो.

थोड्याच वेळापूर्वी आपल्या चिटणीसांनी यशस्वी विद्यार्थ्यांची नावे वाचून दाखविली. प्रत्येक नावापुढे एक आकडा होता, आणि प्रत्येक आकड्यानंतर टाळ्या झाल्या. त्या टाळ्यांत मीही सामील होतो. पण मागल्या रांगांत बसलेली जी मुले यंदा या यादीत नाहीत, त्यांच्या मुद्रा मी पाहत होतो. त्यांच्या पदरात या समारंभातून काय पडले? अमक्यास इतके गुण मिळाले, हे त्यांना कळले. ते गुण कसे मिळाले, कोणता विषय त्याला अवघड गेला, कोठे तो अडला, कोणी हात दिला, कोणती चूक त्याने तीन वेळा केली आणि चौथ्या वेळी ती कशी सुटली, यातील एक अक्षरही त्यांच्या कानी पडले नाही. शिखर दाखविले, वाट दाखविली नाही. वाट न दाखविता नुसते शिखर दाखविले म्हणजे पाहणाराच्या मनात उत्साह येण्याऐवजी पुष्कळदा भय येते.

माझी सूचना ही की, आपण जे शिकतो ते कसे शिकलो याची हकिकत, चुकांसकट, चारचौघांत सांगण्याची रीत आपल्या समाजात पडावी.

ही रीत आपल्याला परकी आहे असे कोणी समजू नये. ज्या संतशिरोमणींचे नाव आपण अभिमानाने लावतो, त्या नामदेवमहाराजांचीच कथा आठवा. गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईंनी कोपऱ्यातील थापटणे पाहून हे कशाचे, असे विचारले. मडके पक्के की कच्चे हे याने कळते, असे गोरोबा म्हणाले. मग या मडक्यांचीही परीक्षा करा, असे मुक्ताबाईंनी सुचविले, आणि गोरोबा एकेकाच्या मस्तकावर थापटणे मारीत चालले. बाकीचे स्वस्थ बसून राहिले. नामदेव मात्र रागावले, कळवळले, आणि भर सभेत हे मडके कच्चे ठरले. अपमानाने व्याकूळ होऊन ते पंढरीस गेले. तेथे देवाने त्यांना गुरू करावयास सांगितले, आणि पुढे विसोबा खेचरांपाशी त्यांचे शिक्षण पुरे झाले.

आता असे पाहा, ही कथा कोणी जतन केली? नामदेवांच्या निंदकांनी नव्हे. ज्या वारकऱ्यांनी त्यांना शिरोधार्य मानले, पंढरपूरच्या मंदिरातील ज्यांच्या नावाच्या पायरीवर पाऊल ठेवण्यास जे कचरतात, त्यांनीच ही कथा कीर्तनांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली. तिने नामदेवांची थोरवी रतिभर तरी कमी झाली काय? त्यांची 61 पदे शिखांच्या ग्रंथसाहिबात आहेत. पंजाबातील घुमान येथे त्यांचे स्मारक आहे, आणि 2015 साली मराठी साहित्य संमेलन त्या गावी भरले ते त्यांच्याच नावाच्या ओढीने. एवढा मोठा पुरुष एके दिवशी भर सभेत नापास झाला होता, हे ऐकून सामान्य माणसाला धीर येतो. आपल्या पूर्वजांनी ती कथा लपविली असती, तर आपल्याला एक देवमाणूस मिळाला असता. शिकणारा माणूस मिळाला नसता.

आता आपल्या धंद्यातील एक गोष्ट सांगतो. माझ्या वडिलांचे पुण्यात एका पेठेत लहानसे शिवणकामाचे दुकान होते. त्याच गल्लीत दुसरे एक कारागीर होते. त्यांच्या हातचा कोट पाठीवर असा बसे की, गिऱ्हाईक आरशासमोरून हलत नसे. पण बेतणी करताना ते दार लावून घेत. हाताखालची पोरे घरी गेल्यावर, रात्री दिव्याच्या उजेडात ते कापड बेतीत. सकाळी पोरांच्या हाती बेतलेले तुकडेच पडत. एका हिवाळ्यात ते अकस्मात वारले. त्यांच्या मुलांनी दोन वर्षे दुकान चालविण्याची खटपट केली. जुने कोट उसवून वडिलांचा हात कसा चालला असेल याचा त्यांनी शोध घेतला. पण उसवलेल्या कापडावरून कातर कोठे चालली एवढेच कळते, ती तेथेच का चालली हे कळत नाही. दुकान बंद झाले. ती विद्या त्या रात्रींबरोबर गेली.

माझ्या वडिलांचा हात तितका सफाईदार नव्हता. परंतु त्यांच्यापाशी एक वही होती, आणि ती दुकानात खिळ्याला टांगलेली असे. तीत ते आपल्या चुका लिहीत. अमक्याचा सदरा धुतल्यावर आखूड झाला. कारण, कोरे कापड पाण्यातून न काढता बेतले. तमक्याच्या बाहीला बगलेत ओढ बसली. कारण, उभा धागा व आडवा धागा पाहिला नाही. अशा नोंदी. दुकानात येणारा कोणीही उमेदवार ती वही वाचू शके, आणि वडिलांचा त्यांस पहिला हुकूम हाच असे की, आधी वही वाच, मग कातर धर. एकदा एका गिऱ्हाइकाने ती चाळून हसत विचारले, "मास्तर, आपल्या चुकांची अशी जाहिरात का करता?" वडील म्हणाले, "साहेब, या चुका माझ्याकडून होऊन गेल्या. आता त्या तुमच्या कपड्यात होणार नाहीत." त्या गृहस्थांनी पुढे आयुष्यभर दुसरीकडे कपडे शिवले नाहीत. वडिलांपाशी शिकलेल्या सहा जणांनी पुढे स्वतःची दुकाने थाटली, आणि त्यांतील दोघांनी अशीच वही टांगली.

हा न्याय केवळ शिवणकामाचा आहे असे नाही. विज्ञानाच्या इतिहासातील मायकेल फॅरडे यांचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. 1791 साली इंग्लंडात जन्मलेला हा लोहाराचा मुलगा; चौदाव्या वर्षी पुस्तके बांधणाऱ्याकडे उमेदवार म्हणून राहिला आणि बांधावयास आलेली पुस्तके वाचून शिकला. 1812 साली त्याला सर हंफ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकावयास मिळाली. त्याने ती टिपून घेतली, आकृत्यांसह नीट उतरविली, स्वतःच्या हातांनी बांधली, आणि डेव्हींकडे पाठवून दिली. पुढील वर्षी तो त्यांच्या प्रयोगशाळेत मदतनीस झाला. आपण काय शिकलो हे दुसऱ्यासमोर मांडले, आणि त्यातूनच त्याच्यापुढे दार उघडले.

पुढे फॅरडे जगप्रसिद्ध झाले. चुंबकापासून वीज उत्पन्न होते हे त्यांनी 1831 साली सिद्ध केले, आणि आज आपल्या घरांत जे दिवे लागतात त्यांच्या मुळाशी तो शोध आहे. पण त्यापूर्वी काही वर्षे त्याच दिशेने केलेले प्रयत्न फसले होते, आणि तेही त्यांनी आपल्या वहीत नोंदले होते. गुरुत्वाकर्षण व वीज यांचा संबंध शोधण्याचे त्यांचे प्रयोग निष्फळ ठरले. ती निष्फळताही त्यांनी 1851 साली निबंधरूपाने प्रसिद्ध केली. जेम्स क्लार्क मॅक्स्वेल यांनी 1873 सालच्या आपल्या ग्रंथात फॅरडे आणि फ्रेंच शास्त्रज्ञ अँपियर यांची तुलना केली आहे. तिचा आशय असा: अँपियर यांनी इमारत पुरी होताच बांधकामाच्या पराती काढून टाकल्या, त्यामुळे वाचक थक्क होतो, फॅरडे आपले फसलेले प्रयोगही दाखवितात, त्यामुळे वाचकाला वाटते की, संधी मिळाल्यास मलाही हे साधेल. आपल्या भाषेत बोलावयाचे तर, एकाने पक्की शिलाई होताच धावदोरा ओढून घेतला, दुसऱ्याने तो तसाच राहू दिला.

या धावदोऱ्याचा उपयोग किती दूरवर झाला तेही सांगतो. 1862 साली, उतारवयात, फॅरडे यांनी ज्योतीच्या प्रकाशावर चुंबकाचा परिणाम होतो की काय हे पाहण्याचा एक प्रयोग केला. काहीच दिसले नाही. प्रयोग फसल्याची नोंद वहीत राहिली, आणि पुढे त्यांच्याविषयी लिहिणारांनी ती सांगितली. 1867 साली फॅरडे निवर्तले. हॉलंडातील पीटर झीमन नावाच्या तरुण शास्त्रज्ञाच्या वाचनात ती हकिकत आली. फॅरडेसारख्याला जे करून पाहावेसे वाटले ते आज अधिक चांगल्या उपकरणांनी पुन्हा करून पाहण्यासारखे आहे, असा विचार त्याने केला, आणि 1896 साली त्याला तो परिणाम दिसला. 1902 साली लॉरेन्ट्झ यांच्यासमवेत त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. फसलेल्या प्रयोगाची एक प्रामाणिक नोंद चौतीस वर्षांनी फळास आली. फॅरडे यांनी लाजेने ते पान फाडले असते तर?

आपल्या महाराष्ट्रातही अशी धैर्यवान माणसे झाली. रमाबाई रानडे यांचा विवाह 1873 साली झाला तेव्हा त्यांना लिहितावाचता येत नव्हते. न्यायमूर्तींनी त्यांना शिकविण्यास आरंभ केला, आणि घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा रोष त्यांना सोसावा लागला. पुढे सेवासदनासारखी संस्था उभारणाऱ्या या विदुषीने आपले ते चाचपडत शिकणे 1910 साली आपल्या आठवणींच्या पुस्तकात मोकळेपणाने लिहिले. महर्षी धोंडो केशव कर्वे मुरुडहून साताऱ्यास शंभरांवर मैल पायी चालत परीक्षेसाठी गेले, आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेस बसू दिले नाही. तीही हकिकत त्यांनी आपल्या आत्मवृत्तात सांगितली. 1958 साली भारतरत्न झालेल्या पुरुषाची ही एके काळची निराशा वाचून किती खेड्यांतील मुलांनी डोळे पुसून पुन्हा पुस्तक हाती घेतले असेल!

सांगण्याने ऐकणाराचा लाभ होतो, हे झाले. सांगणाराचाही होतो. माझ्या वर्गातील एक प्रसंग सांगतो. दोन संख्यांच्या बेरजेचा वर्ग म्हणजे त्या दोन संख्यांच्या वर्गांची बेरीज, ही चूक दरवर्षी निम्मा वर्ग करीत असे, आणि मी दरवर्षी सूत्र फळ्यावर लिहून ती खोडीत असे. एका वर्षी एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, माझे कोठे चुकले ते मी सांगू का?" ती फळ्यापाशी आली. तीन आणि दोन मिळून पाच. पाचाचा वर्ग 25. पण तिच्या रीतीने नऊ आणि चार मिळून 13 च होत होते. मग बारा गेले कोठे? तिने पाच हात बाजूचा चौरस काढला, त्यात तीन हातांचा एक आणि दोन हातांचा एक असे दोन चौरस बसविले, आणि उरलेल्या दोन पट्ट्या खडूने भरल्या. प्रत्येक पट्टी तीन गुणिले दोन, म्हणजे सहा. सापडले बारा! सांगता सांगता तिचे तिलाच अधिक उमगले, आणि वर्गातील मुले एकामागून एक म्हणू लागली, "माझीही हीच चूक होती." माझ्या सूत्राने जे साधले नव्हते ते तिच्या चुकीच्या हकिकतीने साधले.

आता आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप आपल्या आयाबहिणींचा असेल, आणि तो मी हलका लेखीत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची; मुलगा एकदा नापास झाला हे छापून आले म्हणजे उद्या लग्नाच्या बैठकीत तेच निघेल, अशी त्यांची धास्ती आहे. भगिनींनो, जे स्थळ एका परीक्षेच्या निकालावरून माणसाचे मोल करते ते आधीच कळले तर बरेच नाही काय? शिवाय ही मूठ झाकलेली आहे तोवर प्रत्येक घर समजते की, आपल्याच घरी हा कलंक आहे. सर्वांनी मुठी उघडल्या तर कोणाच्याच हाती कलंक नाही असे दिसून येईल.

दुसरा आक्षेप असा की, यातून आत्मस्तुतीचा सुकाळ होईल. ही भीती खरी आहे. म्हणून मी तीन पथ्ये सुचवितो. हकिकत सांगणाराने आपलीच सांगावी. आईबापांनी मुलांच्या चुका किंवा गुरूने शिष्याच्या चुका त्यांच्या संमतीवाचून चव्हाट्यावर आणू नयेत. दुसरे, जे अजून आपल्याला आलेले नाही तेही सांगावे, म्हणजे जाणकार मदतीस येतील. तिसरे, ज्याने हात दिला त्याचे ऋण मानावे. ही पथ्ये पाळली तर बढाईस जागा उरत नाही.

आता मघाशी म्हटलेली कबुली.

1967 साली महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाच्या परीक्षेत मी नापास झालो. विषय गणित. होय, गणितच. शाळेत मराठीतून शिकलेला मी इंग्रजीतील व्याख्याने नुसती उतरवून घेत असे. समजले नाही हे विचारण्याची मला लाज वाटे. निकाल लागल्यावर वडिलांनी एक शब्दही न बोलता खिळ्यावरची वही काढून माझ्यापुढे ठेवली. त्या रात्री मी तीत माझी नोंद केली: समजले नाही, तरी विचारले नाही. पुढल्या वर्षी मी उत्तीर्ण झालो. पण वडील गेले, दुकान गेले, वही माळ्यावर गेली, आणि ती नोंद मी कोणालाही सांगितली नाही. याच संस्थेच्या स्मरणिकेत माझा परिचय छापला गेला, तेव्हा मी स्वतः लिहून दिलेल्या मजकुरात ते वर्ष गाळले होते.

काही वर्षांपूर्वी माझ्या भाच्याचा मुलगा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी गणितात नापास झाला. त्याने घरी कळविले नाही. सहा महिने तो महाविद्यालयात जातो असे सांगून गावभर हिंडत राहिला, आणि गोष्ट उघडकीस आली त्या दिवशी घरातून निघून गेला. दोन रात्री आम्ही त्याला शोधीत होतो. त्या दोन रात्री काय काय मनात आले ते येथे बोलवत नाही. तिसऱ्या दिवशी तो एका मित्राच्या खोलीवर सापडला. मी त्याला विचारले, "अरे, निदान मला तरी सांगायचे." तो खाली मान घालून म्हणाला, "आजोबा, तुम्हालाच कसे सांगणार? आपल्या घरात गणितात कोणी कधी अडले नाही, आणि तुम्ही तर गणिताचे मास्तर."

बंधुभगिनींनो, त्या मुलाला घराबाहेर लोटणारी जी लाज होती तिच्यात माझ्या मौनाचा वाटा होता. मी खोटे बोललो नव्हतो. फक्त एक वर्ष गाळले होते. त्या गाळलेल्या वर्षाने त्याचा समज करून दिला की, या घरात तो एकटाच कच्चा आहे. मी माळ्यावरून वही काढली आणि 1967 ची नोंद त्याच्यापुढे ठेवली. तो पुष्कळ वेळ ते पान पाहत राहिला. मग त्याने विचारले, "पुढे काय केलेत?" त्या प्रश्नापासून त्याचे शिकणे पुन्हा सुरू झाले. त्याच्या संमतीनेच मी हे सांगत आहे. आज तो या सभागृहात आहे, आणि तो कोण हे त्याला वाटले तर तोच सांगेल.

म्हणून माझी कार्यकारी मंडळास विनंती आहे. पुढील वर्षापासून स्मरणिकेत गुणवंतांच्या छायाचित्रांबरोबर त्यांनी लिहिलेले एकेक पान छापावे: मी कोठे अडलो आणि कसा सुटलो. जे यंदा यशस्वी झाले नाहीत त्यांनाही, त्यांची इच्छा असल्यास, पान द्यावे. आपल्या वृद्ध कारागिरांनी आपली बेतणी, आपल्या चुका, आपल्या युक्त्या तरुणांस सांगाव्यात आणि त्या लिहून ठेवाव्यात. आणि महिन्यातून एका संध्याकाळी संस्थेच्या दिवाणखान्यात अशी बैठक भरावी की, जेथे कोणीही उठून म्हणावे, मला अमुक समजत नाही, आणि कोणीही हसू नये.

आरंभ माझ्यापासून व्हावा. माझ्या परिचयात गाळलेले ते वर्ष यंदाच्या स्मरणिकेत छापावे, असे मी चिटणीसांस लेखी कळविले आहे. आणि वडिलांची वही आजपासून संस्थेच्या वाचनालयात, सर्वांना हाती घेता येईल अशी, ठेवीत आहे. तिची काही पाने अद्याप कोरी आहेत.